गुन्हा कबूल करून मोकळं होण्याआधी

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहतो. मिस्टर एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी कामगार आहेत, मी घरून डबे देते. मुलगा वीस वर्षांचा. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. काही आठवड्यांपूर्वी रात्री तो आणि त्याचा कॉलेजचा मित्र धारण तलावाच्या कट्ट्यावर बसले असताना पोलिसांची गाडी आली. दोघांत मिळून गांजाची एक सिगारेट होती. दोघांनाही ठाण्यात नेलं. मित्र पाम बीच रोडला टॉवरमध्ये राहतो. त्याचे वडील वकिलाला घेऊनच आले आणि तो रात्रीच घरी गेला. कागदावर त्याचं नावसुद्धा नाही. आमच्या मुलाची मेडिकल केली, सह्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडला. आता कोर्टाची तारीख आलीय. कोर्टाबाहेर एकाने सांगितलं, गुन्हा कबूल करून टाका, थोडाफार दंड होईल, विषय संपेल. मिस्टरही तेच म्हणतात, कारण खाडे परवडत नाहीत. मुलगा म्हणतो, 'अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत हे कायदेशीर आहे. मी चोरी केलेली नाही. आणि ज्याने ती सिगारेट आणली तो मजेत घरी बसलाय.' मला त्याचाही राग येतो आणि सगळ्यांचाच येतो. त्याला काय सांगू? दंड भरून मोकळं व्हावं का?
— एक आई, कोपरखैरणे

ताई, नमस्कार.

तारीख जवळ आलीय, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागून सांगते. या तारखेला मुलाला गुन्हा कबूल करू देऊ नका. वकिलाने कागद बघेपर्यंत तर अजिबात नाही. दंडाची रक्कम छोटी असेल, पण कबुली छोटी नसते. पोलीस भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलासाठी तर नाहीच.

सेवनाच्या केसेस कोर्टात कशा निघतात ते तुम्ही अजून पाहिलेलं नसेल. पुकारा होतो, चार-पाच मुलं एकदमच आत येतात. 'गुन्हा कबूल आहे का?' असं विचारलं जातं. मुलगा आधी सोबतच्या हवालदाराकडे बघतो, मग मान हलवतो. दंडाचा आकडा सांगतात, बाहेर उभी असलेली बहीण फोनवर कुणाकडे तरी जीपेने पैसे मागते, खिडकीवर पावती फाडली जाते, पुढचा पुकारा होतो. सगळं पाच-दहा मिनिटांत उरकतं आणि घरचे 'सुटलो एकदाचे' म्हणत रिक्षात बसतात. आपला मुलगा आता कायद्याच्या भाषेत दोषसिद्ध झालाय, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या अशा केसेसचा अभ्यास केला, तेव्हा हेच चित्र समोर आलं. बहुतेक केसेस गांजाच्या, त्याही स्वतः ओढणाऱ्यांवरच्या, आणि निकाल बहुतेक वेळा कबुलीवर लागलेले. पकडलेल्यांत झोपडपट्टीत नाहीतर रस्त्यावर राहणारे, रोजंदारीवर जगणारे लोक मोठ्या संख्येने होते.

तुमचा मुलगा म्हणतोय की हा अन्याय आहे. मला त्याचं म्हणणं पटतं, आणि ते आडून न सांगता सरळच सांगते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली देशभरच्या सर्वेक्षणाचा अहवाल दिला. त्यानुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख होते. इतक्या लोकांना पकडणं कुठल्याही पोलीस दलाला शक्य नाही. मग पकडला कोण जातो? जो दिसतो तो. टॉवरमधल्या मुलाला स्वतःची खोली असते, बाल्कनी असते, खाली वॉचमन असतो आणि त्याच्या घरात शिरायला पोलिसांना कारण लागतं. माथाडी वसाहतीतल्या एका खोलीत आई, बाबा, आजी आणि भावंडं असतात. त्या घरातल्या मुलाला सिगारेट ओढायची असो, मैत्रिणीशी फोनवर बोलायचं असो की नुसतं एकटं बसायचं असो, त्याला कट्ट्यावरच जावं लागतं. कायद्यात गरीब-श्रीमंत असा शब्द कुठेच नाही. तरीही गाडी कट्ट्यापाशी थांबते, त्यामुळे कायदा कट्ट्यावरच्या मुलालाच लागू होतो. शहरातल्या मुलांना बसायला जागा किती आहे यावर कोण गुन्हेगार ठरणार हे अवलंबून राहतं. मला यात सगळ्यात जास्त हे खुपतं.

यात नवीनही काही नाही. ब्रिटिशांनी १८९३-९४ मध्ये याच विषयावर मोठा आयोग नेमला होता. मर्यादित सेवनाने फारसं नुकसान होत नाही आणि सरसकट बंदी नको, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे जगभर बंदी आली आणि आपण १९८५ मध्ये अंमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा केला. त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्याच्या बाहेर राहिली. होळीला काशीत जी पानं वाटून पितात, त्याच झाडाच्या शेंड्यांसाठी इथे मुलाच्या हातात बेडी पडते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वात घातक पदार्थांच्या यादीतून काढलं. मतदान २७ विरुद्ध २५ असं अटीतटीचं झालं आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. घरातला कायदा मात्र होता तिथेच आहे.

आता मुलाच्या 'अमेरिकेत लीगल आहे' या वाक्याबद्दल. हे त्याला शांतपणे सांगा, भांडणात नको. अमेरिकेत कोलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदान घेऊन गांजा खुला केला, नंतर बरीच राज्यं त्या वाटेने गेली. पण केंद्रीय कायद्याने तो तिथे आजही बंद आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर परवानगी दिली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना बाहेर २५ ग्रॅमपर्यंत बाळगायची मुभा दिली. थायलंडने मात्र २०२२ मध्ये दार उघडलं आणि २०२५ मध्ये ते डॉक्टरच्या चिठ्ठीपुरतं पुन्हा लोटून घेतलं. म्हणजे जग एका दिशेने सरळ चाललंय असं काही नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अमेरिकेत या मागणीमागे नशेच्या हौसेइतकाच न्यायाचा प्रश्न होता. काळे आणि गोरे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असताना काळ्यांना अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या साडेतीन पटीहून जास्त होती, असं तिथल्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेने देशभरच्या आकडेवारीतून दाखवून दिलं. कायदा सैल झालेल्या राज्यांत अटका कमी झाल्या, तरी ही तफावत पुरती गेली नाही. मग काही राज्यांनी जुन्या शिक्षा नोंदींमधून पुसायला सुरुवात केली. इलिनॉयने तर खुला करतानाच ती तरतूद केली.

मला स्वतःला पोर्तुगालचा रस्ता जास्त जवळचा वाटतो. तिथे २००१ पासून स्वतःपुरतं, साधारण दहा दिवस पुरेल इतकं बाळगणाऱ्यावर फौजदारी केस होत नाही. अंमली पदार्थ बंदच आहेत, विकणारा तुरुंगात जातो, पण ओढणाऱ्याला समुपदेशक आणि कायद्याच्या जाणकारांच्या छोट्या मंडळासमोर बसवतात. आपल्याकडेही थोड्या प्रमाणात बाळगणाऱ्याला गुन्हेगार न धरता उपचाराकडे न्यावं, अशी सूचना २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाकडूनच आल्याच्या बातम्या होत्या. कायदा काही बदलला नाही. तो बदलावा यासाठी तुमच्या मुलाने बोलावं, लिहावं, आमदार-खासदारांना विचारावं. पण येत्या तारखेला त्याच्यासमोर असलेला कायदा १९८५ चाच आहे, आणि 'कॅनडात चालतं' हा कोर्टात बचाव होऊ शकत नाही.

म्हणून आता कागदाकडे या. चार्जशीटची प्रत आरोपीला फुकट मिळते, ती मागून घ्या. त्यात पहिल्यांदा बघा, कलम २७ लावलंय की २०. यावर बरंच काही अवलंबून आहे. २७ हे सेवनाचं कलम. गांजासाठी त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० हे बाळगण्याचं. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरतात आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता त्याच कायद्यातलं कलम ३३ बघा. एनडीपीएस कायद्यात प्रौढ आरोपीला सहसा परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा फायदा मिळत नाही. पण कलम २७ त्याला अपवाद आहे. म्हणजे केस २७ ची असेल आणि सगळं पाहून वकिलाचं मत पडलं की कबूल करणंच बरं, तर दंड नका मागू. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं, असा अर्ज करा. त्या कायद्याच्या कलम १२ नुसार, अशा प्रकारे सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. कोर्टाबाहेरच्या माणसाने तुम्हाला यातलं काही सांगितलं का? दंडाची पावती आणि परिवीक्षेचा आदेश हे दोन्ही एकाच सकाळी मिळू शकतात. मुलाच्या पुढच्या तीस वर्षांत त्यांचा अर्थ मात्र अगदी वेगवेगळा होतो.

'कबूल नाही' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, असं वाटून तुमचं मन कचरेल. तसं नसतं. आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर असते आणि त्यांनी ती पार पाडावी, एवढाच त्याचा अर्थ. सिगारेटमध्ये गांजाच होता हे दाखवायला प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला कोर्टात सीए रिपोर्ट म्हणतात, तो आलाय का ते बघायला हवं. पंच कोण होते, पंचनामा कट्ट्यावर झाला की ठाण्यात बसून, हे बघायला हवं. अंगझडती घेतली असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागायचा तुझा हक्क आहे, असं कलम ५० प्रमाणे मुलाला सांगितलं होतं का? मेडिकल पॉझिटिव्ह आली असेल, तरी गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस राहतात, त्या रात्रीचं काही ती चाचणी एकटी सांगत नाही. आणि ठाण्यात ज्या सह्या घेतल्या त्यांत 'मी ओढली' असा जबाब असला, तर त्याने धास्तावू नका. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. एनसीबीसारख्या केंद्राच्या अंमली पदार्थविरोधी यंत्रणांच्या अधिकाऱ्यांनाही हेच लागू आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तोफान सिंग प्रकरणात दिला. ठाण्यातली कबुली कामाची नाही, म्हणूनच कोर्टात न्यायाधीशांसमोर दिलेल्या कबुलीला एवढी किंमत येते. ती घाईत देऊन टाकू नका.

वकील परवडणार नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला ते दिसतंय. तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते आणि ठाणे शहरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल, किंवा अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर वकील मोफत मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करून विचारा. अर्ज तारखेआधी द्या. तारखेलाच वेळ आली, तर मुलाने न्यायाधीशांना स्वतः सांगायचं, 'मला वकील नाही, मला विधी सेवेतून वकील हवाय, मुदत द्यावी.' हे वाक्य त्याच्याकडून घरी म्हणवून घ्या. उभं राहिल्यावर शब्द सापडत नाहीत.

मित्राचा विषय सगळ्यात दुखरा आहे. तो रात्रीच घरी गेला, त्याचं नाव कुठे नाही, हे वाचून मलाही चीड आली. ठाण्यात नेमकं काय झालं हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही, म्हणून कुणावर आरोप करणार नाही. पण एवढं नक्की की त्याच्या बाजूने पहिल्या तासातच वकील उभा होता. २०२१ च्या मुंबईतल्या क्रूझवरच्या ड्रग्ज प्रकरणात देशाने हेच पाहिलं. एका नटाच्या मुलाला २५ दिवसांच्या आसपास कोठडीत काढावे लागले, देशातले नामांकित वकील उभे राहिले, जामीन मिळाला आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं गेलं. पैसा असूनही त्या मुलाचे ते दिवस गेलेच, ते कुणाच्याही मुलाचे जाऊ नयेत. वकील लागला तो त्याचा हक्क होता. अटक झालेल्या कुणालाही आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलता आलं पाहिजे, असं घटनेच्या कलम २२ मध्ये लिहिलंय. कोपरखैरण्यातल्या मुलाला तो हक्क रात्री अकरा वाजता आठवत नाही आणि त्याला तो कुणी आठवणही करून देत नाही.

म्हणून मित्राला अडकवायच्या मागे लागू नका. मुलाने सगळं खरं खरं त्याच्या वकिलाला सांगावं, सिगारेट कुणी आणली तेही. पण सूड म्हणून जबाबात त्याचं नाव घुसवलं, तर तुमच्या मुलाला काही मिळणार नाही. उलट 'कुणी कुणाला दिली' या प्रश्नाने केस सेवनावरून पुरवठ्यावर सरकायचा धोका आहे. दोन मुलांवर केस झाली म्हणजे न्याय झाला, असं मला वाटत नाही. ती दोघांवरही व्हायला नको होती.

आता जे मुलाला आवडणार नाही ते. कायदा अन्यायाचा आहे म्हणून गांजा निरुपद्रवी ठरत नाही. वीस-बावीसच्या वयात मेंदूची घडण अजून चालू असते. लहान वयात आणि रोज ओढणाऱ्यांत स्मरणशक्ती, लक्ष आणि अभ्यासाची उमेद यांवर परिणाम होतो, आणि काहींमध्ये भास, संशय, मनोविकाराचा धोका वाढतो. घरात कुणाला तसा आजार असेल तर जास्तच. भरतीसाठी १६०० मीटर पळणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांना धुराने काय होतं, हे त्याला वेगळं सांगायला नको. त्याला एकदाच नीट विचारा, कधीतरी की रोज? रागाने विचारलंत तर 'पहिल्यांदाच' असं उत्तर येईल. रोजचं असेल तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत हेल्पलाइनवर बोला, किंवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवा. नावाला घाबरू नका, तिथे रोज साधी घरची माणसं येतात. व्यसन खरंच जडलं असेल, तर कायद्याचं कलम ६४-अ त्याच्या मदतीला आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार पूर्ण करणाऱ्याला अशा छोट्या केसमधून संरक्षण मिळू शकतं. व्यसन नसेल तर मात्र सुटण्यासाठी ते असल्याचं दाखवू नका. एका कागदातून सुटायला दुसरा खोटा कागद तयार होईल.

मिस्टरांचा खाडा मी समजू शकते. माथाड्याची बारी चुकली की त्या दिवसाचे पैसे गेले. त्यांनी प्रत्येक तारखेला यायची गरज नाही, मुलाने आणि वकिलाने जावं. दोन-चार तारखा जास्त पडतील. ज्याच्या घरात खाडा परवडत नाही त्याच्याकडूनच कबुली लवकर मिळते, हे त्यांनाही एकदा सांगून बघा. आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिलेला माणूस आहे, त्याला ते समजेल.

राहिली भरती. निवड झाल्यावर जो साक्षांकन नमुना भरून घेतात, त्यात तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, असं स्पष्ट विचारतात. तिथे 'नाही' लिहायचं नाही, केस निकाली निघाली असली तरी आणि निर्दोष सुटला असला तरी. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय की माहिती लपवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं, आणि खरी माहिती दिली असेल तर गुन्हा किती किरकोळ होता हे बघून नेमणूक करणाऱ्याने निर्णय घ्यावा. तशी संधी मिळेलच याची हमी नाही, पण लपवलं तर ती हातची जाते. एकही तारीख चुकवू नका, नाहीतर वॉरंट निघेल आणि तेही त्या नमुन्यात लिहावं लागेल. निकाल काहीही लागो, त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्या आणि दोन प्रती घ्या. एक घरी ठेवा आणि दुसरी मुलाच्या भरतीच्या फाइलमध्ये लावा.